फुगा आतच असतो

श्रोतेहो, नमस्कार.

हृदयातून निघून पोटात उतरणारी महाधमनी तिथे साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की फुटायची भीती वाढते, म्हणून ऑपरेशन सुचवतात. १९९० साली अर्जेंटिनाच्या डॉ. हुआन पारोदी यांनी ते पोट न उघडता, जांघेतून नळी सरकवून करून दाखवलं. आता आपल्याकडेही असे पेशंट चार दिवसांत घरी जातात. जखम बोटभर, दुखणं फारसं नाही. "मी बरा झालो, आता कशाला डॉक्टर?" असं ते म्हणतात, तेव्हा मला काळजी वाटते.

कारण फुगा काढलेला नसतो. जुन्या पाइपात नवा पाइप बसवावा, तसा आत स्टेंट ग्राफ्ट असतो. रक्त त्यातून वाहतं आणि बाहेरच्या फुग्यावरचा दाब उतरतो. पुढे फुगा आक्रसला तर उत्तम. पण ग्राफ्ट जागचा सरकला, टोकाशी फट पडली, किंवा कमरेकडच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त उलटं शिरलं, तर फुगा पुन्हा वाढू शकतो. फुग्यात असं रक्त शिरण्याला एंडोलीक म्हणतात. तो दुखत नाही, म्हणूनच घात होतो. बारीक वाहिन्यांतले कित्येक एंडोलीक आपोआप बंद होतात, पण कुठला बंद झाला हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

ब्रिटनमध्ये १,२५२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. सुरुवातीला या जांघेतून करायच्या पद्धतीत मृत्यू कमी होते. ८ वर्षांनंतर मात्र पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांपेक्षा यांच्यात फुग्यामुळे होणारे मृत्यू जास्त निघाले. ऑपरेशननंतरही फुगा फुटणं हे त्याचं मोठं कारण होतं.

म्हणून पहिल्या महिन्यात सीटी स्कॅन, मग वर्षानं पुन्हा तपासणी. सगळं ठीक असेल तर पुढे दरवर्षी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तीही आयुष्यभर. सीटीच्या डायमुळे किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा. जुने रिपोर्ट आणि ग्राफ्टचं कार्ड एकाच पिशवीत ठेवा. मागच्या मापाशिवाय आजच्या मापाला अर्थ नसतो.

अचानक पोटात किंवा पाठीत जोराची कळ आली, घेरी आली, एक पाय गार पडून पांढरा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. जांघ सुजून लाल झाली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. बीपीच्या गोळ्या चुकवू नका. बिडी-सिगारेट तर बंदच.

आणखी एक. हा आजार घराण्यात चालू शकतो. तुमच्या सख्ख्या भावा-बहिणींनी साठी ओलांडली असेल, तर त्यांना एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यायला सांगा. सकाळी उपाशीपोटी जायचं, एवढीच तयारी.