स्क्रू सर्वांत शेवटी

(ठाण्यातील नवोदित नेमबाज आणि पालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असल्याचा एक तोटा आहे. लेथ दिसला की लोक विचारतात, "एअर रायफलचा वेग वाढवून द्याल का?" 10 मीटरच्या सामन्याला सेकंदाला 170-175 मीटर भरपूर झाले. वेग वाढायला नकोय, तो शॉटमागून शॉट सारखा यायला हवा.

हिशेब करून बघा. सेकंदाला 172 मीटर वेगाने सुटलेल्या पेलेटला, म्हणजे छऱ्याला, 10 मीटर जायला 0.058 सेकंद लागतात. तेवढ्यात तो साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वेग एक टक्क्याने घटला, की आणखी एक तृतीयांश मिलिमीटर. आणि टार्गेटवर दशांश गुणाची एक पायरी पाव मिलिमीटरची! पूर्वी पात्रता फेरीत हे खपून जायचं. अभिनव बिंद्राचे 2008 च्या बीजिंगमधले पात्रता गुण 596, पूर्णांकात. 2016 च्या रिओत त्याचे पात्रता गुण 625.7 असे दशांशात मोजले गेले. आता दशांश सोडून चालत नाही.

वेग ठरतो तो व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणाऱ्या झडपेत. तिथे घडतं काय? ट्रिगर दाबला की हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवा पेलेटमागे धावते. व्हॉल्व्ह परत मिटवायला स्प्रिंग असते, पण खरा जोर मागच्या हवेच्या दाबाचा. पावसाळी वाऱ्याने दाबून धरलेलं गच्चीचं दार ढकलून बघा, तसंच हे. दाब जास्त असला, की हॅमरच्या त्याच फटक्याला व्हॉल्व्ह कमी उघडतो. म्हणून रेग्युलेटर, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, नसलेल्या रायफलचे, सिलिंडर गच्च भरल्यावरचे पहिले शॉट मंद जातात. मग वेग चढतो, काही शॉट स्थिर राहतो आणि उतरतो.

रेग्युलेटर असेल तर काम सोपं. क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, लावा आणि हॅमरला ढकलणाऱ्या स्प्रिंगचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा. प्रत्येक टप्प्यावर दहा शॉट, सगळे वहीत लिहायचे. वेग वाढत वाढत एका जागी अडतो. त्यापुढे आवळलंत तर हवा फुकट जाते आणि आवाज तेवढा वाढतो. बहुतेक जण त्या शिखरावरच थांबतात. मी तिथून मागे येतो, वेग दोनेक टक्के उतरेपर्यंत. त्या जागी दाब किंचित चढला तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, उतरला तर जास्त. फरक आपोआप भरून निघतो.

पण स्क्रूला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. एकाच डब्यातले पेलेट घ्या आणि वजन करून वेगळे काढा. दुसरं, रायफल ठेवून चहा पिऊन आलात आणि पहिलाच शॉट वेगळ्या वेगाने गेला, तर संशय रेग्युलेटरवर घ्या. त्याच्या आतली झडप जिथे टेकते त्या सीटवर कचरा किंवा चरा असला की दाब हळूहळू वर सरकत राहतो. तिथे स्क्रू कितीही फिरवा, आजच जुळलेला वेग उद्या बिघडणार.

हा कचरा येतो कुठून, तर पुष्कळदा आपल्याच हातपंपातून. खाडीकाठची जुलैमधली हवा दाबून भरायची म्हणजे पाणीच भरायचं. ड्रायर बसवा, नाहीतर कोरडी हवा भरून देणाऱ्याकडे जा. आणि व्हॉल्व्ह उघडायचा असेल तर आधी दाब पूर्ण सोडा. सिलिंडर काढला तरी रेग्युलेटरपुढे हवा अडकलेली असते, तीसुद्धा.