जुना पॅनल, ट्रकचे दोन बल्ब

श्रोतेहो, नमस्कार. घरात इन्व्हर्टर आहे, दोन बॅटऱ्या आहेत, छतावर दोन लहान सोलर पॅनल आहेत, आणि आता वाटतंय की आणखी एक जोडावा. नवा खिशाला जड जातो. कुणाच्या तरी छतावरून उतरलेला जुना मिळतोय. घ्यावा का? जरूर घ्यावा, मी घेतलाय. पण पैसे मोजण्याआधी पॅनलचे व्होल्ट लोड टाकून, म्हणजे बल्बसारखं वीज खाणारं काहीतरी जोडून, मोजा. नुसते व्होल्ट नव्हेत, लोडवरचे व्होल्ट. हे मला कसं कळलं ते सांगतो.

चैत्र महिना होता. आमच्याकडे, इंदूरच्या रामबागेत, 100 वॉटचे दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेले, खाली 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे 24 व्होल्टची व्यवस्था. भर दुपारी चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बेतानं बॅटरीत सोडणारा डबा, पाच अँपिअर दाखवायचा. एका कारखान्याच्या छतावरून उतरवलेले मोठे पॅनल विकायला आलेत असं कळलं आणि मी गेलो. 325 वॉट, 72 सेलचा, म्हणजे काचेखाली 72 चौकोनी तुकडे असलेला पॅनल. काच स्वच्छ, फ्रेम सरळ. विकणाऱ्यानं उन्हात धरून मीटर लावलं. 44 व्होल्ट! "देखो भैया, पूरा करंट है," तो म्हणाला. मी साडेतीन हजार दिले आणि लोडिंग रिक्षात पॅनल घालून घरी आणला.

जोडला. पाचाचे तेरा-चौदा अँपिअर व्हायला हवे होते, जेमतेम सहा झाले. वायर बघितली, कनेक्टर काढून घातले, काच पुसली. सहाच.

त्याच दिवशी घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मामा मामीला सोडायला आले होते. मामांनी उभी हयात कापडाच्या गिरणीत वायरमन म्हणून काढली. माझं तोंड बघून तडक वर छतावर आले. मी सांगितलं, "मामा, व्होल्ट पूर्ण आहेत हो, मी स्वतः बघितले." मामा म्हणाले, "अरे, नळ बंद असताना पाण्याचा जोर बघितलास तू. नळ सोडून बघितलास का?"

मग त्यांनी मला ट्रान्सपोर्ट नगरला पिटाळलं, ट्रकच्या हेडलाइटचे 24 व्होल्टचे दोन बल्ब आणायला. दोन्ही बल्ब सिरीजमध्ये जोडले, म्हणजे 48 व्होल्टपर्यंत चालतील. पॅनलवर आधी सतरंजी टाकली, तारा जोडल्या, मग सतरंजी ओढून काढली. बल्ब पेटले ते कसे, चुलीतला विझत आलेला निखारा असावा तसे, लालसर. मामांनी मीटर माझ्यापुढे धरलं. 44 चे 18 झाले होते! तेच ऊन, तोच पॅनल. फक्त लोड आला होता.

मामा खाली वाकले आणि पॅनलच्या पाठीवरच्या काळ्या जंक्शन बॉक्सला बोटाची पाठ टेकवली. झटकन हात मागे घेतला. "इथं बसलाय चोर," म्हणाले. पुन्हा सतरंजी टाकली, तारा सोडल्या, झाकण उघडलं. आतून येणारी तांब्याची चपटी पट्टी पितळी टोकावरून सुटली होती, नुसती टेकून उभी होती. तिच्याभोवती हिरवी बुरशी आल्यासारखा गंज आणि काजळी. वीज वाहत नव्हती तेव्हा त्या टेकलेल्या पट्टीतून मीटरपुरते व्होल्ट पूर्ण यायचे. वीज वाहायला लागली की निम्म्याहून जास्त जोर त्या सांध्यातच जळून जायचा. आणि जळायचा म्हणजे खरोखर जळायचा. तो डबा तसाच राहिला असता तर एखाद्या दुपारी पेटलाही असता.

मामांनी पट्टी पॉलिश पेपरनं तांबूस होईपर्यंत घासली, सोल्डर केली, झाकणाच्या कडेला सिलिकॉन भरलं. तोवर मामी पन्ह्याचे पेले घेऊन वर आल्या. सतरंजी काढली आणि ते दोन बल्ब असे भगभगले की मामींनी पदर डोळ्यांवर घेतला. मीटरवर 42 व्होल्ट, लोडसकट. मग पॅनल परत जोडला, तर कंट्रोलरवर साडेबारा अँपिअर.

तर श्रोतेहो, नुसते व्होल्ट नव्हेत, लोडवरचे व्होल्ट. 72 सेलच्या पॅनलला 24 चे दोन बल्ब सिरीजमध्ये. 36 सेलच्या, म्हणजे ज्याला आपण 12 व्होल्टचा म्हणतो त्या पॅनलला, एक बल्ब पुरतो. विकणारा हे करू देत नसेल तर तो पॅनल तिथंच ठेवा.

आता जोडणीचं. वॉट बघून जोड्या लावू नका. पाठीवर चिकटवलेल्या लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, ते बघा. पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडायचं तर व्होल्ट जुळले पाहिजेत, सिरीज जोडायचं तर अँपिअर जुळले पाहिजेत. आमच्याकडे जुळलं ते यामुळे: 36 सेलचे दोन सिरीजमध्ये म्हणजे 72 झाले, आणि ते 72 सेलच्या एका पॅनलला पॅरलल लागले. तोच मोठा पॅनल 12 व्होल्टच्या एका बॅटरीवर साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरनं, म्हणजे पॅनलचे व्होल्ट बॅटरीच्या व्होल्टवर ओढून आणणाऱ्या कंट्रोलरनं, लावला असता, तर 325 मधले सव्वाशेच्या आसपासच वॉट हाती आले असते. तिथं जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देणारा एमपीपीटी कंट्रोलर लागतो. आणि कंट्रोलरवर लिहिलेली व्होल्टची कमाल मर्यादा बघा. थंडीत व्होल्ट वाढतात. चैत्रातले 44 जानेवारीच्या सकाळी 47 होऊ शकतात.

उलट मे महिन्यात काच तापून 60 अंशांच्या पुढे जाते, तेव्हा पॅनल लिहिलेल्या वॉटपेक्षा 15 टक्क्यांनी कमी देईल. त्याला बिघाड म्हणू नका. वयानंही तो वर्षाला अर्धा-पाऊण टक्का उतरतो, बस. सात-आठ वर्षांचा पॅनल म्हातारा नसतो. मात्र काचेला तडा असेल किंवा मागचा पांढरा पडदा भेगाळला असेल तर फुकटही घेऊ नका, पावसात फ्रेमला करंट उतरतो.

कुणी विचारेल, सरकारी अनुदान? 2024 च्या पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये मिळतात, पण नव्या, भारतात बनलेल्या पॅनलवर. जुने पॅनल आपल्या बॅटरी-इन्व्हर्टरपुरते ठेवा, वीज कंपनीच्या लाइनला जोडू नका.

विजेचा विषय निघालाच आहे तर मनातलं एक बोलतो. आपण इंदूरकर नर्मदेचं पाणी पितो. ते जलूदहून पंप लावून, डोंगर चढवून, सुमारे 70 किलोमीटर आणलेलं असतं. त्या पंपांचं बिल एवढं की महापालिकेनं 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदला 60 मेगावॉटचा सोलर प्रकल्प उभारायला. आणि आपल्या गल्लीत सकाळी टाक्या भरून वाहतात! ती वाहून जाणारी वीज आहे हो. पॅनल आणण्याआधी टाकीला बॉलकॉक बसवा, असं मी प्रत्येक घरी सांगतो.

आणि निकामी पॅनल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, त्यात शिसं असतं. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आलेले आहेत, नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यालाच द्या.

ज्यांच्याकडे पॅनल आधीपासून आहेत त्यांनी या रविवारी दुपारी बारा-एकच्या सुमारास, ऊन कडक असताना, प्रत्येक पॅनलच्या मागे जा आणि जंक्शन बॉक्सला बोटाची पाठ टेकवा. गरम सगळेच असतील. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त चटका देत असेल तर त्या पॅनलवर आणि त्याला जोडलेल्या पॅनलांवर सतरंज्या टाका, तारा सोडा आणि वायरमनला बोलवा. सतरंजी आधी, तारा नंतर, कारण पॅनलची वीज डीसी, एकाच दिशेनं वाहणारी, आणि डीसीची ठिणगी उडाली की ती सहजी विझत नाही.

नमस्कार.