एक हेडफोन पुरत का नाही?

(दृश्य: टेबलावर सुटा करून ठेवलेला हेडफोन. इअरपॅड, जाळी, ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) आणि केबल वेगवेगळे मांडलेले.)

समोर दिसतो आहे तो सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६०० हेडफोन. हे मॉडेल १९९७ साली बाजारात आले आणि आजही नवे विकत मिळते. त्याच्या कपांवरची जाळी हाताने काढता येते, मखमली इअरपॅड ओढले की निघतात, केबल दोन्ही बाजूंनी सुटते आणि झिजलेला जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. नीट सांभाळला तर हा हेडफोन वीस वर्षे सहज साथ देतो. तरीही ज्यांच्याकडे तो आहे, त्यांच्यातल्या कित्येकांच्या कपाटात आणखी चार-पाच हेडफोन असतात आणि पुढचा कोणता घ्यायचा, याचा विचार मनात चालू असतो. वस्तू बिघडली की दुसरी आणावी लागते, हा व्यवहार सर्वांना कळतो. पण उत्तम चालणारी वस्तू हाताशी असताना दुसरी, तिसरी आणि पाचवी का घेतली जाते, हे समजून घेण्याचा प्रयत्न आपण येथे करणार आहोत.

हौसेला मोल नसते, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येईल. पण तसे केले तर ध्वनीचा भाग बाजूलाच राहतो, आणि आमच्या मते या छंदाचे मूळ कारण ध्वनीतच, किंबहुना आपल्या कानाच्या घडणीत आहे.

(दृश्य: मानवी कानाची रेखाकृती, बाहेरच्या वळ्यांपासून कानाच्या पडद्यापर्यंत.)

खोलीत ठेवलेल्या स्पीकरचा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा तो भिंतींवरून, खांद्यांवरून आणि बाहेरच्या कानाच्या वळ्यांमधून बदलत आलेला असतो, आणि हा बदललेला आवाजच स्वाभाविक मानण्याची सवय मेंदूला जन्मापासून जडलेली असते. हेडफोन यांतले बरेच टप्पे गाळून थेट कानाशी बोलतो. त्यामुळे गाळलेल्या टप्प्यांचा परिणाम हेडफोन घडवणाऱ्या अभियंत्याला अंदाजाने भरून द्यावा लागतो. माणसाची कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी तिच्यात आपोआप बळावतात. मात्र ही लांबी, बाहेरच्या कानाची ठेवण आणि डोक्याची रुंदी माणसागणिक वेगळी असते. अभियंत्याने धरलेला अंदाज एखाद्याच्या कानाला तंतोतंत जुळतो, तर दुसऱ्याला तोच हेडफोन टोचरा किंवा झाकोळलेला वाटतो. चष्म्याच्या काडीमुळे इअरपॅड आणि गाल यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खालचे स्वर गळून जातात.

२०१० नंतरच्या दशकात हार्मन कंपनीतील संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना वेगवेगळ्या स्वरसमतोलाचे, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांच्या वेगवेगळ्या प्रमाणाचे, नमुने ऐकवून बहुसंख्यांना रुचेल असा एक आलेख ठरवला. हेडफोनच्या जगात तो ‘हार्मन टार्गेट’ या नावाने ओळखला जातो आणि आज कित्येक कंपन्या तो समोर ठेवून काम करतात. परंतु त्याच संशोधनात हेही दिसले, की काही श्रोत्यांना त्याहून अधिक बेस हवा असतो, तर काहींना कमी. म्हणजे मोठ्या काळजीने केलेल्या अभ्यासातूनही सर्वांसाठी एकच उत्तर निघाले नाही.

यात ध्वनिमुद्रणाची भर पडते. संगीत ज्या स्टुडिओत मिसळले गेले, तेथील स्पीकर कसे होते, खोली कशी होती, हे श्रोत्याला कधीच कळत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी या परिस्थितीला ‘गोंधळाचे वर्तुळ’ म्हटले आहे: ध्वनिमुद्रणावरून स्पीकर पारखायचा आणि स्पीकरवरून ध्वनिमुद्रण, पण दोहोंपैकी एकही प्रमाण म्हणून हाती नाही. हेडफोनचा संग्रह करणारा माणूस याच वर्तुळात उभा असतो.

(दृश्य: तानपुऱ्याची घोडी जवळून. तारेखाली सरकवला जाणारा सुताचा धागा.)

आता एका ठोस उदाहरणाकडे वळू. तानपुऱ्याची घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत नेला, की एका नेमक्या जागी तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत कंप पावू लागते आणि जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा भरलेला झणकार, खुलते. ती नीट लागली असेल, तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. हा गंधार म्हणजे त्या तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला स्वर, आणि त्याच्याही वर अशा स्वरांची लांब रांग असते. तानपुऱ्याचे तेज या वरच्या रांगेत आहे, तर गायकाच्या आवाजाचा भरीवपणा तिच्या बराच खाली आहे.

ज्या हेडफोनमध्ये दोन ते पाच हजार हर्ट्झचा पट्टा थोडा उचललेला असतो, त्यात जवारी लखलखते. मात्र त्याच हेडफोनवर गायिकेच्या उच्चारातले ‘स’ आणि ‘श’ अर्ध्या तासात कानाला बोचू लागतात. ज्यात तो पट्टा दबलेला असतो, त्यात गळा गोल आणि जवळचा वाटतो, परंतु तानपुरा मागे कोठेतरी एकसुरी गुणगुणत राहतो. एचडी ६०० हा या दोहोंच्या मधला, आणि मानवी आवाजासाठी विलक्षण खरा वाटणारा हेडफोन आहे. पण अगदी खालच्या पट्टीत त्याचा आवाज उतरत जातो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा पुरता भरत नाही. तो घुमारा हवा असेल, तर ऑडेझी या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या एलसीडी-२ सारखा प्लेनर हेडफोन कानावर चढवावा. त्यात अतिशय पातळ पडद्यावर वाहक पट्ट्या पसरलेल्या असतात आणि चुंबकांच्या क्षेत्रात तो संपूर्ण पडदा एकसारखा हलतो. मनगटाचा दाब देत डग्ग्यावर काढलेली मींड त्यात खालपर्यंत सलग ऐकू येते. पण हा हेडफोन अर्धा किलोच्या घरात जातो आणि विलंबित ख्याल संपेपर्यंत मान अवघडते.

जुन्या ध्वनिमुद्रिकांची गोष्ट आणखी निराळी आहे. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचे जे गाणे आपल्याला उपलब्ध आहे, ते प्रामुख्याने मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावणाऱ्या तबकड्यांवरचे आहे. त्या तबकड्यांच्या वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा खरखरच जास्त आहे. बारीकसारीक तपशील उजळून दाखवणारा महागडा हेडफोन येथे खरखर पुढे आणतो, आणि थोडा ऊबदार, वरचा भाग मऊ करणारा, तुलनेने स्वस्त हेडफोन खाँसाहेबांचा सूर अधिक निवांतपणे ऐकू देतो. ज्याला आजचे उत्तम ध्वनिमुद्रण आणि ही जुनी तबकडी दोन्ही मनापासून ऐकायची आहेत, त्याने दोन हेडफोन बाळगले, तर त्याला उधळपट्टी म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही.

(दृश्य: जुन्या हेडफोनची छायाचित्रे, एकामागून एक.)

खाँसाहेब गेले त्याच वर्षी बर्लिनमध्ये ऑयगेन बायर यांच्या कंपनीने डीटी ४८ हा डायनॅमिक पद्धतीचा, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रातल्या तारेच्या वेटोळ्याने पडदा हलवणारा, हेडफोन आणला. त्याआधी, १९१० च्या सुमारास, अमेरिकेतील युटा राज्याच्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने संदेशवहनासाठी घेतले होते. केवळ संगीताच्या आनंदासाठी हेडफोन घरोघरी जाण्याची सुरुवात १९५८ साली झाली असे मानता येते. त्या वर्षी मिलवॉकी येथील प्रदर्शनात जॉन कॉस यांनी एक सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर मांडला होता. लोकांनी मात्र त्याच्यासोबत ठेवलेल्या स्टिरिओ हेडफोनभोवतीच गर्दी केली. पुढे जपानच्या स्टॅक्स कंपनीने विद्युतभारित पडद्याचे, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक, हेडफोन आणले. १९६८ साली सेनहायझरचा एचडी ४१४ आला, ज्याचे कप मागून उघडे होते आणि ज्याचे पिवळे फोमचे पॅड आजही ओळखले जातात. त्याचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. १९७९ च्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर आणला. १९९१ मध्ये एटिमोटिक कंपनीने श्रवणयंत्रांतील तंत्र वापरून ईआर-४ हा कानाच्या आत बसणारा इअरफोन काढला.

या वाटचालीत जुनी पद्धत नव्या पद्धतीने पुसली गेली नाही, ही गोष्ट संग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. डायनॅमिक, प्लेनर, इलेक्ट्रोस्टॅटिक, उघडे, बंद, कानातले असे सगळे प्रकार आज शेजारी शेजारी विकले जातात, कारण प्रत्येकाने एक अडचण सोडवताना दुसरी मागे ठेवली. उघड्या कपांमुळे आवाज मोकळा होतो, पण लोकलच्या डब्यात त्यांचा काही उपयोग नसतो. बंद कप बाहेरचा गोंगाट अडवतात, पण आतल्या आत आवाज घुमवतात. आणि मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत त्यांच्या कृत्रिम चामड्याच्या इअरपॅडचे दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे निघू लागतात.

(दृश्य: संगमरवरी बैठकीवरचा हेडफोन, हळूहळू वर येणारे व्हॉल्व्ह, म्हणजे ध्वनिवर्धकातल्या काचेच्या नळ्या.)

किमतीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सेनहायझरने २०१५ साली जाहीर केलेल्या एचई १ या संचाची किंमत सुमारे ५०,००० युरो होती. त्याची बैठक कॅरारा संगमरवराची आहे आणि पडदा केवळ २.४ मायक्रोमीटर जाडीचा आहे. ही अभियांत्रिकी थक्क करणारी आहे, यात शंका नाही. परंतु २०१७ साली ध्वनिसंशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली, तेव्हा स्वरसमतोल आणि किंमत यांच्यात काहीच संबंध आढळला नाही. आज चीनमधील चेंगडू येथील मूनड्रॉपसारख्या कंपन्यांचे दीड-दोन हजार रुपयांचे इअरफोन स्वरसमतोलात दहापट महागड्या इअरफोनांच्या तोडीस तोड ठरतात. महागड्या हेडफोनमध्ये कारागिरी, आराम, कमी विरूपण आणि आवाजाचा प्रशस्तपणा हे गुण मिळू शकतात. २००९ सालच्या एचडी ८०० मध्ये मैफिलीतली साथीची वाद्ये आपापल्या जागी पसरून बसल्यासारखी वाटतात, आणि हा अनुभव स्वस्तात सहसा मिळत नाही. मात्र पैसे वाढवत गेल्याने आवाज त्याच प्रमाणात सुधारतो, ही समजूत टिकत नाही.

नवा हेडफोन घेतला की साखळी सुरू होते. एचडी ६०० चा विद्युतरोध ३०० ओहम आहे, त्यामुळे साध्या फोनवर तो हळू वाजतो आणि अँपची, म्हणजे संकेताची ताकद वाढवणाऱ्या यंत्राची, गरज भासते. पुष्कळ फोनमधून हेडफोनचे छिद्रच नाहीसे झाल्यामुळे डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे हेडफोनला लागणाऱ्या विद्युतसंकेतात रूपांतर करणारे यंत्र, घ्यावा लागतो. येथपर्यंतचा खर्च न्याय्य आहे. पुरेशी ताकद आणि स्वच्छ ध्वनी देणारे यंत्र एकदा हाती आल्यावर मात्र अँप बदलून पडणारा फरक फार थोडा असतो, आणि चांगल्या साध्या केबलच्या जागी हजारो रुपयांची चांदीची केबल लावल्याने आवाज खुलतो, याला आम्हाला भक्कम आधार दिसत नाही. या वाटेवर नव्या माणसाचे पैसे वाया जातात आणि अनुभवी मंडळींनी त्याला तसे स्पष्ट सांगायला हवे.

मनाचाही वाटा आहे. दोन हेडफोनांपैकी एक किंचित मोठा वाजत असला, तर ऐकणाऱ्याला तो अधिक स्पष्ट आणि अधिक भरदार वाटतो. आवाजाची पातळी मोजून सारखी न करता केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते. शिवाय मेंदू काही दिवसांत नव्या स्वरसमतोलाला सरावतो. पहिल्या आठवड्यात बोचणारा हेडफोन महिन्याभरात गोड वाटू लागतो. त्याचे श्रेय पुष्कळदा हेडफोन ‘मुरल्याला’ दिले जाते, पण बहुतांश बदल ऐकणाऱ्यात झालेला असतो. सरावलेल्या कानाला पहिल्या दिवसाचे नवल मिळेनासे झाले, की पुढच्या खरेदीचा विचार सुरू होतो.

तरीही त्या नवलाला आम्ही केवळ भ्रम म्हणणार नाही. नव्या हेडफोनमधला समतोल वेगळा असतो, त्यामुळे शेकडो वेळा ऐकलेल्या ध्वनिमुद्रणातली आजवर दडलेली गोष्ट पुढे येते: सारंगीच्या गजाची खसखस, गायकाने समेआधी घेतलेला श्वास, मागे साथ करणाऱ्या शिष्याचा वेगळा सूर. त्या गोष्टी ध्वनिमुद्रणात पहिल्यापासून होत्या. एकदा त्या लक्षात आल्या, की जुन्या हेडफोनवरही ऐकू येतात, आणि ही भर ऐकणाऱ्याकडे कायम राहते. संग्राहक जे विकत घेतो, त्यातला आमच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान भाग हाच आहे.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर इक्वलायझरचा आलेख, त्यावर सरकणारे बिंदू.)

गेल्या काही वर्षांत इक्वलायझरने या छंदाचे गणित बरेच बदलले आहे. फोनवरच्या मोफत ॲपमध्ये मोजमापांच्या आधारे काही पट्टे वर-खाली केले, की एका हेडफोनचा समतोल दुसऱ्याच्या बराच जवळ नेता येतो. नवी खरेदी करण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येकाने करावा, अशी आमची शिफारस आहे, कारण आपल्याला नेमके काय कमी वाटते आहे, हे त्यातून विनाखर्च कळते. आठ-दहा हजार हर्ट्झच्या पुढे मात्र मोजमाप यंत्राच्या कृत्रिम कानावरचा आलेख आपल्या कानाशी जुळेलच असे नाही, आणि कपांची बसण्याची पद्धत, वजन किंवा आवाजाचा प्रशस्तपणा इक्वलायझरने बदलत नाही. त्यामुळे हे साधन नीट वापरणारी माणसेही दोन-तीन हेडफोन ठेवतातच. बाकीचे ती ऐकून, समजून घेऊन सेकंडहँड बाजारात पुढच्या हौशी माणसाला देतात. काही वर्षांपूर्वी विकून टाकलेला एचडी ६०० त्याच बाजारातून पुन्हा घरी आणणारेही त्यांच्यात पुष्कळ आहेत.