ओटा 60 सेंटीमीटर

(दृश्य: शहापूर तालुक्यातलं एक समाजमंदिर. ओट्याला मोजपट्टी लावलेली.)

गावच्या बैठका या ओट्यावर होतात, आणि अपंग बाईची वाट इथेच अडते. ओटा 60 सेंटीमीटर उंच. व्हीलचेअर एकटीने चढवायची तर रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे लांबी 7.2 मीटर. शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. इथला रॅम्प 2 मीटरचा. पुढे रस्ता आला, म्हणून तिथेच संपवला. एवढ्या चढावर खुर्ची मागे कलंडते. एकदा कलंडलेली बाई पुन्हा येत नाही, आणि बैठकीच्या इतिवृत्तात ती फक्त 'गैरहजर' असते. सरळ जागा नसेल तर भिंतीलगत वळवून 3.6 मीटरचे दोन टप्पे काढता येतात, मधे सपाट जागा ठेवून. सिमेंट येईपर्यंत सगळ्यांनीच खाली अंगणात बसावं, सरपंचांसकट.

युद्ध संपलेल्या गावांत हाच ओटा जमिनीचा निकाल लावतो. उत्तर युगांडात 2006 नंतर विस्थापितांच्या छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. चालता येणारे गावी परतले, हद्दींवरून भांडणं लागली, ती मिटवायला बैठका बसल्या. अनेक अपंग बायका मात्र अजून छावणीतच होत्या. नेपाळमध्ये 2006च्या शांतता करारानंतर अंतरिम मदत सुरू झाली. मृतांच्या वारसांना, बेपत्ता माणसांच्या घरच्यांना, जायबंदी झालेल्यांना ती मिळाली. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचा त्यात रकानाच नव्हता. म्हणजे बाईने तुटलेला पाय नोंदवायचा, बाकीचं गिळायचं.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने महिला आणि शांतता यांवरचा 1325 क्रमांकाचा ठराव 2000 साली केला. सशस्त्र संघर्षातल्या अपंग व्यक्तींवरचा 2475 यायला 2019 उजाडलं.

(दृश्य: ठाणे. मासुंदा तलावाजवळचा एक हॉल. शहापूर-मुरबाडहून आलेल्या बचत गटाच्या बायका, हातात घरोघरच्या पाहणीचे छापील तक्ते.)

'घरात कुणी अपंग आहे का?' हा प्रश्न इथे आधी खोडायला लावतात. त्याचं उत्तर बहुतेक दारातूनच 'नाही' असं मिळतं. त्याऐवजी वॉशिंग्टन गटाचे, म्हणजे अपंगत्वाची मोजणी कशी करावी हे ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाचे, सहा प्रश्न विचारायचे: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे करायला, आपलं म्हणणं दुसऱ्याला सांगायला? उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एका जरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं की नाव यादीत. घाईत चाराचं दोन करून 'हो-नाही' लिहिलं की तक्ता वाया गेला. सासूने सुनेच्या वतीने उत्तर दिलं, तरीही तेच.

(दृश्य: जवळून, दोन हात. मिशीवरून फिरणारं बोट, मग कपाळावर आडवी बोटं.)

शाळेत न गेलेल्या बहिऱ्या बाईला भारतीय सांकेतिक भाषा येतेच असं नाही. तिच्या खुणा घरच्या: मिशी म्हणजे सासरा, आडवी बोटं म्हणजे ताप. शहरातून आणलेल्या दुभाषीला त्यातलं निम्मंच कळतं. म्हणून सोबत एक बहिरी बाई लागते, जी घरच्या खुणा वाचून दुभाषीला सांकेतिक भाषेत सांगते. बहिणीला, जावेला बसवणं सोपं वाटतं, पण मारहाणीची साक्ष असेल तर मारणारा त्याच घरातला असू शकतो. दुभाषीही दोन हव्यात, कारण वीस-एक मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं. खर्चाच्या पत्रकात या तिघींचा मेहनताना आणि सोबतिणीचं एसटीभाडं आधीच धरावं. नंतर कुणी देत नाही.

शेवटी पाणी. बैठक अकरा ते चार आणि वापरता येईल असा संडास जवळ नसेल, तर अपंग बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. दोन वाजता डोकं धरून उठते. जमिनीच्या हद्दीचा विषय निघतो तीन वाजता. संडास होईपर्यंत विषयपत्रिका उलटी करा: हद्द अकराला, हारतुरे तीनला.