नाव, गाव, ओवी

(काळोख. जात्याची घरघर. हळूहळू खुंट्यावरचे दोन हात दिसू लागतात.)

जात्याचा खुंटा दोघींनी धरला की दळण हलकं जातं. समोरासमोर बसायचं, एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं, आणि मोकळ्या हातानं मधूनमधून मूठभर वैरण घालायची. ज्वारी, बाजरी, मावळात नाचणी. घरातली बाकीची माणसं उठायच्या आत भाकरीपुरतं पीठ पडायला हवं, म्हणून कोंबडं आरवायच्या आधीच जातं सुरू व्हायचं. रोज. माहेरी असताना आईबरोबर, सासरी गेल्यावर जावेबरोबर नाहीतर सासूबरोबर.

आणि दळताना गायचं. हे किती जुनं आहे? बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवीला ग्रंथात नेण्याच्या कितीतरी आधी ती उखळाजवळ आणि जात्याजवळ बसलेली होती. पुढे नामदेवांच्या घरची जनी म्हणाली, 'दळिता कांडिता, तुज गाईन अनंता.' जनी संत ठरली, म्हणून तिचं नाव तिच्या शब्दांबरोबर राहिलं. तिच्या आळीत त्याच पहाटे आणखी कोण कोण दळत होतं, ते काही कळायला मार्ग नाही.

खरं तर ओवी ही मी, माझं घर, माझी माणसं यांचीच गोष्ट. माझा बंधू, माझी बया म्हणजे आई, माझ्या बाळाची झोप, माझ्या सासरची वाट. पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत 'माझं'. आणि संग्रहांत मात्र ती छापली गेली बिननावाची. साने गुरुजींपासून अनेकांनी कष्टानं, प्रेमानं ओव्या गोळा केल्या. ते उपकारच आहेत, त्यात शंका नाही. पण बहुतेक ठिकाणी ओव्यांची मांडणी भाऊ, आई, माहेर, विठोबा अशी. आणि गाणारी बाई? ती झाली 'लोक'. लोकसाहित्यातले लोक. एका बाईनं पहाटे, पाच हातांवर झोपलेल्या सासूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सासरचं गाऱ्हाणं मांडायचं, आणि आपण म्हणायचं की हे समूहमनानं रचलं. मला हे कधीच पटलेलं नाही. समूहमनाला सासू नसते.

(मुळशी खोरं. पाऊस. भातखाचरं. दूर धरणाचं पाणी.)

हा पुणे जिल्ह्यातला मुळशी तालुका. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. धरण झालंच. उरलेली माणसं डोंगरउतारावर राहिली. या भागात काम करणाऱ्या गरीब डोंगरी संघटनेतल्या बायका १९८०च्या दशकात आपापल्या गावात आणि शेजारच्या गावांत जाऊन ओव्या विचारू लागल्या.

त्यांच्याबरोबर दोन माणसं होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्याचेच झालेले, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेले गी पॉइतवाँ. संशोधक म्हणून ते ओव्यांकडे आले असं म्हणणं थोडं उलटं होईल. गावातल्या बायकांशी रेशनवर, पाण्यावर, सासरच्या छळावर बोलायचं होतं. सभेत बायका गप्प बसायच्या. जात्याचा विषय निघाला की त्याच बायका थांबायच्या नाहीत. जे सरळ विचारून मिळत नव्हतं, ते ओवीत आधीच बोलून झालेलं होतं. जात्याला उद्देशून एक ओवी आहे, त्यात ती जात्याला डोंगराचा ऋषी म्हणते. आईजवळ करावं तसं तुझ्याजवळ मन मोकळं करते, असं सांगते. जात्याचा दगड डोंगरातनंच येतो, तेव्हा ऋषी म्हणणं किती बरोबर. गप्प राहतो आणि सगळं ऐकतो.

सुरुवातीला सगळं कागदावर. बायकांनी सांगायचं, कुणीतरी लिहून घ्यायचं. होता होता संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका. पुणे जिल्हा सर्वांत जास्त, पण मराठवाड्यापर्यंत हात पोचलेला.

(कागदांचे गठ्ठे. हस्ताक्षर. एका ओळीवर कॅमेरा थांबतो.)

इथपर्यंत हा संग्रह मोठा होता, पण प्रकारानं आधीच्या संग्रहांसारखाच. वेगळं झालं ते १९९०च्या दशकात, आवाज नोंदवायला सुरुवात झाली तेव्हा. बेर्नार बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि संगीताचे अभ्यासक. तबल्याचे बोल कसे रचले जातात हे समजून घेण्यासाठी त्यांनी 'बोल प्रोसेसर' नावाची संगणकप्रणाली याआधी बनवली होती. तालाचं व्याकरण शोधणारा माणूस जात्यापाशी येऊन बसला. त्यातून सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण उभं राहिलं, आणि कागदावरच्या ओव्या, गायिका, गाव, चाल हे सगळं एका माहितीसाठ्यात एकमेकांना जोडलं गेलं.

आवाजानं नेमका काय फरक पडतो, ते कान देऊन ऐकलं की कळतं.

(ध्वनी: ओवी. निवेदन थांबतं. फक्त आवाज आणि घरघर.)

कागदावर ओवी दोन ओळींची. वाचायला पाच सेकंद. गाताना तीच ओवी कितीतरी वेळ चालते. पहिली ओळ अर्धी येते, मग पुन्हा येते. मधे 'गं बाई' येतं, 'सांगते तुला' येतं, 'माझ्या' या शब्दाचा 'मा' एका फेऱ्यात आणि 'झ्या' दुसऱ्या फेऱ्यात पडतो. लिहून घेणाऱ्यानं हे सगळं गाळलेलं असतं, कारण ते अर्थाचं नाही. पण तेच तर बाईचं स्वतःचं. चालीला बायका 'गळा' म्हणतात. अमक्या गळ्यावर म्हण. आणि दुसरी ओळ येण्याआधीची ती जागा ऐका. पहिली ओळ घोळवत ठेवून तिनं वेळ घेतलाय. पुढची ओळ ती आठवतेय, किंवा तिथल्या तिथे रचतेय. समोरच्या बाईला ती ओळ माहीत असेल तर ती मधेच उचलते. नसेल तर नुसती 'हं' म्हणते. ते 'हं' टेपवर आहे, कागदावर नाही.

जातं फिरतं ठेवूनच गायचं, हे बायका सहसा सोडत नाहीत. नुसतं बसून म्हणा म्हटलं की आठवत नाही. हात फिरला की ओवी येते. म्हणून ध्वनिमुद्रणात पुष्कळदा गाण्याइतकाच दगड ऐकू येतो. स्टुडिओत बसलेल्या कुणालाही हा दोषच वाटेल.

आता प्रत्येक नोंदीबरोबरचा तपशील बघा.

(पडद्यावर एकेक ओळ उमटते: गायिका. गाव. तालुका. जिल्हा. जात. वय. शिक्षण. मुलं. व्यवसाय. तारीख.)

शिक्षणाच्या पुढे बऱ्याचदा 'नाही'. व्यवसायाच्या पुढे शेती, शेतमजुरी. मुलांच्या पुढे इतके मुलगे, इतक्या मुली. आणि जात. आजच्या प्रेक्षकाला ही ओळ खुपते, तशी ती खुपायलाही हवी. गाण्याला जात कशाला? पण ती ओळ काढून बघा, मग निम्म्या ओव्या मुक्या होतात.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचं उदाहरण घ्या. तिथल्या भीमनगरात १९९६ मध्ये नोंदवलेल्या ओव्या. पहिली माझी ओवी कुणाला, हे ठरलेलं असतं. कुणी गणपतीला घालतं, कुणी पंढरीच्या विठ्ठलाला, कुणी ग्रामदैवताला. भीमनगरात पहिली ओवी बाबासाहेबांना. मग रमाबाईंना, मग बुद्धाला. जातं तेच, चाल ओळखीची, दळणही तेच. पहिल्या ओवीचा मान मात्र बदलला. १९५६ मध्ये नागपूरला जे घडलं, त्याचं इतिहासाच्या पुस्तकात एक प्रकरण असतं. माजलगावात ते रोजच्या पिठात मिसळलेलं होतं. कोण गातंय, कुठल्या वस्तीत गातंय, हे न सांगता या ओव्या नुसत्या 'भक्तिगीते' या सदरात घातल्या असत्या तर काय उरलं असतं?

सीतेच्या ओव्यांचंही असंच. महाराष्ट्रात जात्यावर जी सीता येते तिचा राम काही फार कौतुकाचा नाही. तिला वनवास आहे, सासुरवास आहे, आणि दगडाची उशी आहे. बायका सीतेला आपल्यातली धरतात. परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यात ताडकळस गाव आहे. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या. आजारपणामुळे घरच्यांनी दूर केलेली ही बाई गावातल्या देवळात राहायची. तिच्या ओवीत 'माझ्यावर हे गुदरलं' असं कुठेच येत नाही. सगळं सीतेचंच. एवढं ठाऊक झाल्यावर 'सीता चालली' हे शब्द ऐकताना श्रोता सीतेचा विचार करू शकत नाही.

(मोठा विराम. ताडकळसचा आवाज.)

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात २००३ मध्ये एक छोटी ध्वनिमुद्रण खोली उभी राहिली. स्टोरीकॉर्प्स हा तो प्रकल्प. ओळखीच्या दोन माणसांनी आत जायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, चाळीस मिनिटं. एक प्रत त्यांना, एक प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला. सुंदर कल्पना आहे, आणि जगभरातल्या बोलक्या गोष्टींच्या प्रकल्पांनी तिथून बरंच उचललं. पण आमच्या आज्यांच्या बाबतीत एक अडचण आहे. 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की त्या म्हणतात, 'माझं काय सांगायचं? सगळ्या बायांचं तसंच माझं.' प्रश्न संपला. तिथे दोन माणसांमधे मायक्रोफोन होता. इथे दोघींमधे जातं होतं, आणि दोघींचे डोळे खुंट्यावर. एकमेकींकडे बघून बोलायचं नसलं की बोलणं सोपं जातं.

जातं मात्र गेलं. गिरणी आली, आधी डिझेलची, मग विजेची. कुठल्याही बाईला विचारा, गिरणी आली हे वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. हाताला घट्टे पडायचे, बाळंतपणातून उठलेल्या बाईला दळायला बसवायचे. ओवीच्या प्रेमापायी जात्याचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी पायलीभरसुद्धा दळलेलं नसतं. आज जातं निघतं लग्नात. त्याला हळदकुंकू लावायचं, सुपारी बांधायची, पाच सुवासिनींनी हळकुंडं दळायची. त्या वेळी एखादी म्हातारी दोन ओव्या म्हणते, बाकीच्या फोन वर धरतात.

गी पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. एवढा मोठा संग्रह पुण्यात कपाटांत आणि संगणकांत पडून राहण्याची भीती होती. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, म्हणजे 'पारी'नं, तो हाती घेतला आणि २०१७ पासून ओव्या एकेक करून लोकांपुढे यायला लागल्या. ध्वनी, शब्द, भाषांतर, आणि तो तपशीलाचा तक्ता. मूळ प्रकल्पातली माणसं लिप्यंतराला, गावं शोधायला बरोबर होतीच. 'पारी'ची मंडळी जुने पत्ते घेऊन पुन्हा गावोगाव गेली. काही गायिका भेटल्या, वय झालेल्या. काहींच्या घरी लेकीसुना भेटल्या.

आणि इथे आवाजाचं राजकारण अगदी साधं होऊन समोर येतं. ओवी पुस्तकात असती तर त्या घरात कुणी वाचली नसती. शिक्षणाच्या रकान्यात 'नाही' होतं ना. फोनवर लावली तर कळते. आवाज कुणाचा, हे विचारावंच लागत नाही.

(एक अंगण. मांडीवर फोन. चेहरा दिसत नाही.)

आता हिशेबाची गोष्ट. लाखावर ओव्या, आणि ध्वनिमुद्रण १२० तासांचं. म्हणजे बहुसंख्य ओव्यांना आजही फक्त कागद आहे. ज्यांचा आवाज राहिला नाही, त्यांचा गळा कोणता होता, कुठे थांबायच्या, समोर कोण 'हं' म्हणायचं, ते गेलं. विदर्भातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या कितीतरी गावांत तर लिहून घ्यायलाही कुणी पोचलं नाही. सीमेपलीकडे, बेळगावात नाहीतर बडोद्यात, मराठी घरांत जातं होतंच की.

तुमच्या घरात सत्तरीपुढची कुणी असेल तर एक करून बघा. गोष्ट सांग म्हणू नका. शेंगा सोलायला बसा, नाहीतर तांदूळ निवडायला, आणि विचारा की तुमच्या इथे दळताना काय म्हणायचे. पहिली ओवी चुकेल, ती हसेल, 'आता कुठं आठवतंय' म्हणेल. हात चालू राहू द्या. फोन बाजूला ठेवा, तिच्यासमोर धरू नका. आणि सुरुवातीलाच तिच्या तोंडून नाव, गाव, तारीख बोलून घ्या, नाहीतर चार वर्षांनी फोनमधे नुसती आकड्यांची फाईल उरते आणि आवाज कुणाचा यावर घरात वाद होतात. माहेरचं गाव विचारायचं राहू देऊ नका. ओव्या बहुतेक तिथूनच आलेल्या असतात, सासरी येताना बरोबर.

(श्रेयनामावली. गायिकांची नावं आधी, मग निर्मात्यांची.)