तू कोना शे?

श्रोतेहो, नमस्कार. आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे, सलाम.

चाळीसगाव-भडगावकडे अनोळखी पोरगं पारावर दिसलं, की म्हातारी माणसं त्याला नाव विचारत नाहीत. विचारतात, "तू कोना शे रे?" कोणाचा आहेस तू? बापाचं नाव सांगितलं की काम भागलं. मग तुमचं कूळ, भाऊबंद, शेत कुठल्या शिवारात, हे सगळं विचारणाराच तुम्हाला सांगतो.

माझ्या आजोबांकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात घरचं सगळं माणूस गेलं आणि ते अकोल्याला मिशनच्या अनाथाश्रमात पोचले. वय अंदाजे सात. स्वतःचं नाव माहीत होतं. बापाचं विचारलं तर म्हणाले, "बा". पुढे ते प्रचारक होऊन खानदेशात आले. एका खांद्याला पुस्तकांची झोळी, दुसऱ्या खांद्याला झांजा. गावात शिरलं की पारावर तो प्रश्न ठरलेला. आजोबा सांगायचे, "मिशनना शे." मिशनचा आहे. लोक मान हलवायचे आणि पाणी द्यायचे, किंवा द्यायचे नाहीत. पण उत्तर सगळ्यांना कळायचं.

आज माझ्या मंडळीतल्या एखाद्या तरुणाला हाच प्रश्न विचारला, तर तो काय सांगेल? मिशन तर कधीच निघून गेलं. आज तेच बोलायचं आहे.

'मंडळी' हा शब्द आधी उलगडतो, म्हणजे घोटाळा नको. बाकीच्या महाराष्ट्रात 'चला मंडळी' म्हणजे चला लोकहो. जुन्या माणसांच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे बायको. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे, माणसं. इमारतीला आमच्या आजीच्या पिढीपर्यंत सरळ 'देऊळ' म्हणत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा भरले नाहीत. त्यात प्रोटेस्टंट थोडे, आणि त्या थोड्यांत आम्ही अलायन्सवाले म्हणजे भरल्या ताटातल्या चटणीएवढे.

अलायन्स. अर्थ साधा आहे: युती, जोडणी. हे नाव ठेवलं अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन नावाच्या पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने. जन्म १८४३, कॅनडातला. पुढे न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या, पैसेवाल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा पाळक. बंदरावर इटलीहून आलेले गरीब मजूर उतरायचे. सिम्प्सन त्यांच्या वस्तीत जाऊ लागला, उपदेश करू लागला, आणि शंभराच्या आसपास माणसं विश्वासात आली. त्याने चर्चला सांगितलं, यांना आपल्यात घ्या. चर्चमधल्या प्रतिष्ठितांनी सुचवलं, चांगली गोष्ट आहे, पण यांच्यासाठी दुसरं एखादं चर्च बघावं. १८८१ साली सिम्प्सनने राजीनामा दिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

१८८७ मध्ये त्याने दोन संस्था काढल्या, १८९७ मध्ये त्या एक झाल्या, तीच आमची ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. गंमत अशी की त्याला नवा पंथ काढायचाच नव्हता. कोणीही आपापल्या चर्चमध्ये राहावं आणि कामापुरतं जोडलं जावं, एवढीच कल्पना. शिकवण चार शब्दांत मावायची: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि परत येणारा राजा. क्रूस, गंगाळ, तेलाची सुरई आणि मुकुट अशी चार चिन्हं. आमच्या देवळात व्यासपीठामागच्या भिंतीवर ती रंगवलेली आहेत. लहानपणी मला ती सुरई तेलीबाबाच्या दुकानातली वाटायची.

अमेरिकेत या संस्थेने स्वतःला अधिकृतपणे पंथ म्हणवून घेतलं ते १९७४ साली. आम्ही खानदेशात तोवर केव्हाच पंथ होऊन बसलो होतो, आणि त्याला कारण धर्मशास्त्र नव्हतं. कारण होता नकाशा.

मिशनऱ्यांनी आपसांत मुलूख वाटून घेतला होता. एकाच्या शेतात दुसऱ्याने नांगर घालायचा नाही. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन. वऱ्हाडात आणि पूर्व खानदेशात आमची अलायन्स. १९०६ मध्ये सरकारने खानदेशाचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे केले. पश्चिमेकडे, म्हणजे आताच्या धुळे-नंदुरबारकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. ती फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश माणसाने १८९० मध्ये अमेरिकेत काढलेली. शिवाय खुद्द स्वीडनमधून आलेली आणखी एक, तिच्याही नावात अलायन्स. एका खानदेशात तीन अलायन्स, आणि तिघींच्या मंडळ्या वेगळ्या. तुमच्या आजोबांना मिशन कुठल्या स्टेशनाजवळ भेटलं, त्यावरून तुमचा पंथ ठरला. माझी आत्या पश्चिमेकडे दिली तेव्हा सोयरीक ठरवताना म्हणे दोन तास चर्चा झाली, मुलगी अलायन्सची आणि मुलगा अलायन्सचा, तर हे जमायचं कसं.

मी टपाल खात्यात नोकरी केली, म्हणून पत्त्याची गोष्ट मला जास्त जाणवते. आमच्या घरी येणाऱ्या पत्रांवर घर नंबर नसायचा, गल्ली नसायची. नाव आणि खाली 'मिशन कंपाउंड'. निंबाची झाडं, मधे बंगला, कडेला बोर्डिंग, विहीर आणि आमच्यासारख्या नोकरमाणसांच्या खोल्या. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. त्या आवारात कोणी स्वतःला विचारलं नाही की आपण कोण आणि कशासाठी. कामच एवढं होतं. शाळा होती, दवाखाना होता, बायबलबाई दुपारी उन्हात गल्लीगल्लीतून बायकांना वाचायला शिकवायच्या. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल तर डोंगरातल्या माणसाला परकं कधी वाटलंच नाही. ते आजही चालू आहे, आता इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे.

मग एकेक साहेब मायदेशी गेला. बंगला रिकामा झाला. बोर्डिंग बंद पडलं. मागे राहिली जमीन, आणि जमिनीबरोबर जे राहतं ते राहिलं: सातबारा, विश्वस्त, दोन गट, तारखा. कुठल्या संस्थेचं, कुठल्या माणसाचं नाव मी घेणार नाही, खटला अजून संपलेला नाही. एवढंच सांगतो की माझ्या तरुणपणी आमच्या मंडळीच्या बैठका चार चार तास चालायच्या आणि त्यांत पहिली प्रार्थना आणि शेवटची प्रार्थना सोडली, तर सगळं बोलणं कुंपणाचं असायचं. बायबलबाई म्हणून हयात घालवलेली एक म्हातारी एकदा बैठकीतून उठून गेली. जाताना अहिराणीत म्हणाली, "मिशन गये, आते आपन कोना?" कोणी उत्तर दिलं नाही. पुढचा मुद्दा विहिरीच्या पंपाचा होता.

१९७० सालच्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आमची अलायन्स गेली नाही. मी तेरा वर्षांचा होतो. वडिलांच्या ओसरीवर वाद ऐकलेला आठवतो: बाप्तिस्मा बुडवून की शिंपडून, बिशप हवा की नको. जोडणी हे ज्यांचं नाव, ते जोडणीच्या वेळी दूर उभे राहिले, हे तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं, पण वडिलांना दोष द्यायला जीभ वळत नाही. जे आजवर दुसऱ्याच्या छपराखाली वाढले, त्यांना पहिल्यांदाच स्वतःचं म्हणून काही मिळालं होतं. ते लगेच दुसऱ्याच्या हाती कसं देतील?

कागदाचाही एक प्रश्न आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या यादीतून बाहेर जातो. शीख आणि बौद्ध यांच्यासाठी १९५६ आणि १९९० मध्ये दुरुस्ती झाली, ख्रिस्ती तसेच राहिले. अनुसूचित जमातीला धर्माची ही अट नाही. म्हणजे जळगावकडच्या आमच्या पोराला देवळात एक नाव आणि दाखल्यावर दुसरी ओळख सांभाळावी लागते, तर नवापूरकडचा मावची पोरगा ख्रिस्तीही असतो आणि आदिवासीही, उघडपणे. मला वाटतं, पश्चिमेकडच्या मंडळ्यांत जो मोकळेपणा आहे त्याचं एक कारण हे असावं. तिकडे नाताळात रात्रभर मावचीत, भिलीत गाणी चालतात, ढोल असतो, पाय थिरकतात. आमच्याकडे पेटीवर इंग्रजी चाल, मराठी शब्द, आणि सगळे ताठ उभे.

अगदी सगळंच तसं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं आम्हीही गातो, अभंगाच्या चालीत. पण त्याच टिळकांनी १९१७ मध्ये नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. योगायोग असा की सिम्प्सनही त्याच वर्षी गेला. आम्ही टिळकांची गाणी ठेवली आणि त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र नगरकडच्या लोकांचा म्हणून सोडून दिला.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

आमचं गाव रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात. केळी कापायला, बागेच्या कामाला सातपुड्यातून पावरा, बारेला आदिवासी कुटुंबं येतात. त्यातली काही आधीपासून ख्रिस्ती. पावसाळ्यात एका रविवारी अशी पाच-सहा घरं आमच्या देवळात आली. बाया-माणसं मागे सतरंजीवर बसली. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवर. तो चीक कधी निघत नाही, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. पुढच्या रविवारी आणखी चार घरं आली. गाण्याच्या वेळी त्यांनी त्यांच्या बोलीतलं एक गाणं धरलं, आमच्या पेटीवाल्याला सूर सापडेना.

कमिटी बसली. मी सचिव. कोणी वाईट बोललं नाही, हे नोंदवायला हवं. एकजण म्हणाले, त्यांना आपली मराठी कळत नाही, त्यांच्यासाठी दुपारी तीनला वेगळी उपासना ठेवू. दुसरे म्हणाले, तेच त्यांच्याही सोयीचं. मी अनुमोदन दिलं आणि माझ्याच हाताने प्रोसिडिंगच्या वहीत ठराव लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे.

त्याच आठवड्यात मला मंडळीच्या वर्धापनदिनासाठी सिम्प्सनवर दहा मिनिटांचं टिपण लिहायचं होतं. लिहीत लिहीत इटालियन मजुरांपाशी आलो आणि पेन खाली ठेवलं. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय.

टिपण मी वाचलं, ती गोष्ट गाळली नाही. कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी एवढंच केलं, की दुपारी तीनची उपासना सुरू करायची तारीख जाहीर केली नाही. ठराव वहीत आहे. रद्द झालेला नाही, अमलात आलेला नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं, ते देवळात आणून ठेवायचं. उपासना झाली की त्याचा लिलाव, पैसे मंडळीच्या पेटीत. भरताची वांगी, केळीचा घड, भोपळा, दादर ज्वारीचं पायलीभर धान्य, कोणाच्या कोंबडीची अंडी. पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो आणि घेणारा तो परत लिलावाला देतो. आमच्या वर्षातली सर्वांत हसरी दुपार ती. त्या दिवशी पावरा घरांनी मक्याची वाळलेली कणसं आणली होती, साली उलट्या वळून एकमेकांत गुंफलेली, तोरणासारखी. कुठे ठेवायची ते त्यांना कळेना. आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं ती घेऊन मधल्या वाटेने पुढे आलं आणि टेबलापाशी थबकलं.

पहिल्या बाकावर आमची सर्वांत म्हातारी बाई बसते, नव्वदीची. तिला ऐकू कमी येतं, म्हणून बोलते मोठ्याने. तिने पोराकडे निरखून पाहिलं आणि देवळाभर ऐकू जाईल असं विचारलं, "तू कोना शे रे, भाऊ?"

पोराला अहिराणी कळली नाही. त्याने मागे सतरंजीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि कणसं टेबलावर ठेवून तिथेच उभं राहिलं. लिलाव मीच पुकारतो. मी तोरण उचललं, हात उंच केला आणि म्हटलं, दहा रुपये एक वार. म्हातारी म्हणाली, "शंभर."

धन्यवाद.