आठ एकर कुरण आणि रग्बीची शाळा

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमधल्या रग्बी गावचा लॉरेन्स शेरिफ लंडनला जाऊन किराणा व्यापारी झाला आणि पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीकडे माल पुरवू लागला. 1567 साली, मृत्यूच्या थोडं आधी, त्याने मृत्युपत्र केलं. रग्बी आणि शेजारच्या ब्राउन्सओव्हरच्या मुलांसाठी मोफत शाळा, शिवाय चार गरीब वृद्धांना राहायला घरं. त्यासाठी आधी 100 पौंड रोख ठेवले होते. काही आठवड्यांनी पुरवणी जोडून त्याने ही तरतूद बदलली आणि लंडनबाहेरच्या कंड्युट क्लोज या कुरणाचा तिसरा हिस्सा दिला. जमीन 8 एकर, म्हणजे आपले 320 गुंठे. उत्पन्न वर्षाला 8 पौंड.

शाळेचं नशीब त्या पुरवणीत आहे. रोख पैसा केव्हाच संपला असता. लंडन पसरत गेलं, कुरणावर घरं उठली. तिथे आज रग्बी स्ट्रीट नावाची गल्लीही आहे. पण विश्वस्तांच्या हाती फार काळ थोडंच पडलं. जमीन लांब मुदतीच्या पट्ट्याने दिलेली, त्यामुळे मुदत संपेपर्यंत भाडं ठरलेलं आणि घरांची कमाई पट्टेदाराची. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुदती संपल्या, तेव्हा कुठे रग्बी स्कूलकडे खरा पैसा आला.

पैशाबरोबर बाहेरगावची, फी भरून राहणारी मुलं वाढली. अभ्यास मुख्यतः लॅटिन-ग्रीकचा. दुकानदाराच्या पोराला हवा होता हिशेब. फी माफ असली तरी ते शिकून तो करणार काय? उलट सधन कुटुंबं या मोफत जागांसाठी रग्बीत बिऱ्हाड करू लागली आणि कागदावर गावकरी ठरली. शेरिफने पैसा ठेवला होता तो यांच्यासाठी नव्हे.

1868 च्या पब्लिक स्कूल्स कायद्याने रग्बीसह सात शाळांचा कारभार नव्याने बांधून दिला. (पब्लिक स्कूल म्हणजे तिकडे फी घेणारी खाजगी शाळा.) त्या फेररचनेतून, शेरिफच्याच देणगीवर, गावच्या मुलांसाठी 1878 मध्ये क्लिफ्टन रोडवर वेगळी शाळा निघाली : लोअर स्कूल ऑफ लॉरेन्स शेरिफ. ‘लोअर’ हा बोचणारा शब्द पुढे गळला, ते बरंच झालं.

1944 च्या शिक्षण कायद्याने सरकारी खर्चाच्या माध्यमिक शाळांतली फी बंद केली. लॉरेन्स शेरिफ स्कूल आजही मोफत आहे. मात्र अकराव्या वर्षी निवड परीक्षा द्यावी लागते. नुसतं रग्बीत जन्मून तिथे जागा मिळत नाही.